रुमालाखालचा सौदा

आपल्याकडच्या जुन्या पेठांत एक काळ असा होता, की अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, दोघांच्या उजव्या हातांवर एक रुमाल पडे, आणि त्या रुमालाच्या आड नुसत्या बोटांच्या दाबांनी, एक अवाक्षरही न उच्चारता, शेतकऱ्याने नऊ महिने राबून पिकविलेल्या मालाचा भाव ठरे. ज्याचा माल तो शेतकरी मात्र चार हातांच्या अंतरावर, पोत्याला पाठ टेकून, त्या हलणाऱ्या कापडाकडे पाहत बसलेला असे. हे वर्णन मी अण्णांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे, की तो रुमाल मी स्वतः कधी पाहिला नसताही त्याचा रंग मला सांगता यावा. अण्णांनी उभी हयात एका बाजार समितीच्या दप्तरात घालविली, सचिव म्हणून ते निवृत्त झाले, आणि आता सांगलीजवळच्या हरिपुरास, कृष्णा-वारणेच्या संगमापासून हाकेच्या अंतरावर, वडिलार्जित घराच्या सोप्यात बसून ते वर्तमानपत्र असे वाचतात, की जणू त्यातल्या प्रत्येक बातमीवर त्यांना अजून शेरा मारावयाचा आहे.

गेल्या मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी त्यांची भाची माधवी पुण्याहून आलेली होती, आणि मीही तेथे बसलो होतो. ती ज्या कंपनीत काम करते, तेथे इंटरनेटवरील जाहिरातींच्या खरेदी-विक्रीची यंत्रणा तयार होते. अकरा वर्षे तिचे तेच काम आहे, आणि आपल्या कामाविषयी तिला, कुशल कारागिराला असावा तसा, रास्त अभिमान आहे. अण्णांनी रुमालाची गोष्ट काढताच ती हसून म्हणाली, "मामा, एक सौदा आटपायला किती वेळ लागे हो?"

"घासाघीस झाली तर पाव तास, नाही तर तोंडातला विडा रंगायच्या आत."

"आमचा सौदा शंभर मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्शात आटपतो. आम्हांला रुमाल लागतच नाही, कारण कुणी डोकावून पाहू शकेल इतका वेळ तो चालतच नाही."

मग तिने ते सारे सविस्तर सांगितले. आपण मोबाइलवर एखाद्या वर्तमानपत्राचे पान उघडतो, आणि त्याची अक्षरे पडद्यावर स्थिरावण्यापूर्वीच त्या पानावर जाहिरातीसाठी राखलेल्या रिकाम्या चौकटीचा लिलाव पुकारला जातो. वाचणारा कोणत्या गावचा, काल त्याने काय शोधले, गुडघेदुखीचे तेल पाहिले की नातवासाठी सायकल पाहिली, यांविषयीचा अदमास बोली लावणाऱ्या यंत्रांपुढे टाकला जातो. ती यंत्रे आपापली बोली लावतात, सर्वांत चढी बोली उचलली जाते, आणि तेलाची जाहिरात त्या चौकटीत येऊन बसते, तेव्हा वाचणाऱ्याने पहिली ओळही संपविलेली नसते.

"म्हणजे लिलाव चौकटीचा नव्हे," अण्णा म्हणाले, "माझा."

"तुमच्या लक्ष देण्याचा."

"बरे. आता मी विचारतो त्याची उत्तरे दे." अण्णांचा आवाज एकाएकी तक्रारअर्जाच्या चौकशीला बसल्यासारखा झाला. "चौकट विकणारे वर्तमानपत्र हा झाला शेतकरी. त्याचा अडत्या कोण?"

"बव्हंशी गूगल."

"जाहिरातदाराच्या वतीने बोली लावणारा?"

"लहान जाहिरातदार असेल तर बहुधा गूगलच."

"आणि ज्या ओट्यावर हा सौदा होतो, तो ओटा कुणाचा?"

"त्याला आम्ही एक्स्चेंज म्हणतो. त्यांतला सर्वांत मोठा त्यांचाच. सौद्याच्या रकमेतले साधारण वीस टक्के ओट्याच्या धन्याचे."

अण्णांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. एकाच सौद्यात विकणाऱ्याचीही दलाली आणि घेणाऱ्याचीही दलाली एकाच माणसाने करू नये, हे नियमनाचे पहिले सूत्र त्यांनी चाळीस वर्षे नव्या कारकुनांना शिकविले होते. आणि येथे तर तो माणूस दोन्हीकडचा दलाल असून वर ओट्याचाही धनी होता. माधवीने, तिच्या प्रामाणिकपणाला शोभेल अशा रीतीने, उरलेली हकीकतही स्वतःच सांगून टाकली: गूगलने २००७ साली डबलक्लिक नावाची कंपनी ३.१ अब्ज डॉलरांना घेण्याचा करार केला, त्यातून वर्तमानपत्रांच्या बाजूची अडत गूगलच्या हाती आली; पुढे कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने अंतर्गत पत्रव्यवहारात असा दाखला दिला, की हे म्हणजे गोल्डमन किंवा सिटीबँकेने न्यूयॉर्कचा शेअर बाजारच आपल्या मालकीचा करण्यासारखे आहे; ते पत्र अमेरिकन सरकारच्या फिर्यादीत दाखल झाले; आणि १७ एप्रिल २०२५ रोजी व्हर्जिनियातील न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी, अडतीच्या यंत्रणेत आणि ओट्यात गूगलने बेकायदा मक्तेदारी चालविली आणि त्या दोहोंची एकमेकांशी गाठ मारून ठेवली, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात युरोपीय आयोगाने याच कारणासाठी २.९५ अब्ज युरोंचा दंड ठोठावला.

"निकाल केव्हाचा म्हणालीस? आणि ती कंपनी घेतली केव्हा?"

"अठरा वर्षे लागली, मामा."

"आम्हांला त्याहून जास्त लागली," अण्णा म्हणाले. आणि येथे त्यांनी तो इतिहास सांगितला, जो सांगण्याची संधी ते सहसा दवडीत नाहीत. वऱ्हाडात कापूस आणि धान्य यांच्या बाजारांसाठी कायदा झाला १८९७ साली; मुंबई इलाख्याचा कापूस बाजारांचा कायदा आला १९२७ साली; दुसऱ्याच वर्षी शेतकीविषयक रॉयल कमिशनने वऱ्हाडच्या धर्तीवर नियंत्रित बाजार सर्वत्र व्हावेत अशी शिफारस केली; आणि आपला महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. "इंग्रजाने वऱ्हाडात कायदा केला तो शेतकऱ्याच्या कळवळ्याने केला असे मानू नकोस, मँचेस्टरला निर्भेळ कापूस हवा होता. पण हेतू काही असो, त्यामुळे तीन गोष्टी झाल्या. बोली उघड झाली, काटा तिऱ्हाइताच्या हाती गेला, आणि शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या पट्टीवर काय काय कापता येईल त्याची यादी ठरली. एरवी शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई, वाराई तर जाईच; पण धर्मादाय जाई, गोशाळा जाई, आणि वजनातून कडता जाई. हा कडता कशाचा, असे विचारले तर कुणी म्हणे मातेऱ्याचा, कुणी म्हणे ओलीचा, कुणी म्हणे पूर्वापार आहे. आम्ही समितीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या कडत्यावर चार पाने लिहिली होती. तूच ती पुढे इंटरनेटवर चढविलीस, अमेरिकेतल्या सांगलीकरांनी वाचावी म्हणून."

"आमच्याकडेही कडता आहे," माधवी म्हणाली. "ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेने २०२० साली प्राइसवॉटरहाऊसकूपर्सकडून हिशेब तपासून घेतला. जाहिरातदाराने खर्च केलेल्या शंभर पौंडांपैकी वर्तमानपत्रांच्या हाती सरासरी एक्कावन्न पडत होते. मधल्यांचे बाकीचे समजू शकते. पण त्यांतले पंधरा पौंड कुठे गेले, हे खुद्द हिशेबतपासनिसांनाही सांगता आले नाही."

"म्हणजे मातेऱ्याचे नावसुद्धा घेण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत."

एवढ्यावरून वाचकांस असे वाटेल, की माधवी आपल्या मामांशी सहमत होती. तसे मुळीच नव्हते. तिने केवळ वस्तुस्थिती नाकारली नाही, आणि वस्तुस्थिती न नाकारता वाद घालणारी माणसे अलीकडे इतकी दुर्मिळ झाली आहेत, की आपण त्यांना चटकन विरोधकांच्या गोटात ढकलतो. चहा आला, तो संपला, आणि कपबशी बाजूला सारून तिने आपली बाजू मांडली.

"मामा, तुमच्या उघड लिलावाचा मला आदर आहे. पण तुमच्या समितीच्या आवारात उभे राहायला परवाना लागे, आणि परवान्याला गाळा लागे, आणि गाळा बापाकडून मुलाकडे जाई. एखादे वतन असावे तसे. नवा माणूस अडत्या होऊ म्हणे, तर त्याला जागा शिल्लक नसे. इस्लामपूरच्या एखाद्या बाईने घरी दळलेली हळद पाकिटे करून विकायचे ठरविले, तर पूर्वी तिचे गिऱ्हाईक म्हणजे तिची आळी. वर्तमानपत्रात चार ओळी छापण्याइतके पैसे तिच्याजवळ नसत. आज ती पाचशे रुपये टाकून नेमक्या त्याच माणसापुढे जाते, ज्याने कालच राजापुरी हळद कुठे मिळेल म्हणून शोधले आहे, मग तो दादरला असो वा न्यू जर्सीत. हे त्या बाईला तुमच्या समितीने दिले नाही, सरकारने दिले नाही. ज्याला तुम्ही इजारदार म्हणाल, त्याने दिले. त्याने त्याची दस्तुरी घेतली हे खरे. पण रस्ता बांधणारा पथकर घेणारच."

"पथकर किती घ्यावा, हे रस्त्याच्या मालकाने एकट्याने ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे."

"मग कुणी ठरवावे? समितीने?" माधवीचा स्वर चढला नाही, पण शब्द नेमका लागला. "फळे आणि भाजीपाला २०१६ साली सरकारला समित्यांच्या नियमनातून बाहेर काढावा लागला, आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे हुकूम काढून सांगावे लागले. ज्यांनी रुमाल काढून घ्यायचा, तेच कालांतराने रुमालाचे धनी झाले, असे तुम्हीच एकदा म्हणाला होतात."

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मी त्यांना तीस वर्षे ओळखतो; समितीवरची टीका ते बाहेरच्याकडून ऐकून घेत नाहीत, आणि घरच्याकडून ऐकली तर त्यांना ती नाकारता येत नाही. आवारातल्या त्या अडत्यांचा चहा मला आठवला. शेतकरी आला की अडत्या त्याला प्रथम चहा पाजी, मुलीच्या लग्नाला उचल देई, रात्री दुकानाच्या माडीवर पथारी टाकू देई. आणि यांपैकी कशाचेही पैसे पट्टीवर लावलेले नसत. आज ज्याला आपण फुकटची टपालपेटी, फुकटचा नकाशा, फुकटचा शोध म्हणून वापरतो, त्याची चव त्या चहासारखीच आहे, असे मला अनेकदा वाटते. पण तो चहा पिऊन परत जाणारे शेतकरी मूर्ख होते असे मात्र मी कधी म्हणणार नाही, कारण रात्री पथारी टाकायला दुसरी जागा त्यांना कुणी दिलेली नव्हती.

"समिती बिघडली," अण्णा अखेर म्हणाले, "म्हणून काट्यावरचा तोलाईदार काढून टाकावा, हे कसे निघते?"

"काढायची गरजच पडणार नाही. ओटाच मोडतो आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यापासून लोक शोध घेत नाहीत, प्रश्न विचारतात. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅट-जीपीटी लोकांसाठी खुले झाले, तेव्हा ज्या कंपनीची धास्ती तुम्हांला वाटते, तिच्याच आवारात धांदल उडाली. गंमत अशी, की या यंत्रांच्या मुळाशी जी रचना आहे, तिचा शोधनिबंध २०१७ साली गूगलच्याच संशोधकांनी प्रसिद्ध केला होता. मक्तेदार स्वतःच्या हाताने आपल्या मक्त्याला सुरुंग लावतो, आणि कायद्याला ते कळायच्या आत बाजार पुढे सरकतो. शोधयंत्राच्या खटल्याचे काय झाले ते पाहा ना."

त्या खटल्याची हकीकत थोडक्यात अशी. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकन सरकारने फिर्याद केली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगल ही शोधाच्या बाजारातील मक्तेदार असून मक्ता टिकविण्यासाठी तिने बेकायदा वर्तन केले असे ठरविले. पुराव्यात निघाले, की मोबाइलवर आणि ब्राउझरवर आपलेच शोधयंत्र आधीपासून बसविलेले असावे म्हणून कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर वाटले होते. सरकारचे म्हणणे होते, की क्रोम हा ब्राउझर तिच्याकडून काढून विकावा. सप्टेंबर २०२५ च्या हुकुमात न्यायाधीशांनी ते मानले नाही. असे करार अनन्यतेच्या अटीवर करण्यास त्यांनी मनाई केली, शोधाच्या काही नोंदी प्रतिस्पर्ध्यांना देण्यास सांगितले, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनाने या खटल्याचा ओघच बदलला, असे नमूद केले.

"म्हणजे आरोपी दोषी," अण्णा म्हणाले, "पण दरम्यान पेठ दुसरीकडे हलली, म्हणून शिक्षा सौम्य."

"दरम्यान दुसरा दुकानदार आला म्हणून. स्पर्धा यावी हाच ना कायद्याचा हेतू?"

"आणि त्या दुसऱ्या दुकानदाराला भांडवल कुणी दिले?"

माधवी हसली, प्रश्नाचा रोख तिच्या ध्यानी आला होता. चॅट-जीपीटी करणाऱ्या ओपन-एआयमध्ये मायक्रोसॉफ्टचे सुमारे तेरा अब्ज डॉलर गुंतले. तिच्या प्रतिस्पर्धी अँथ्रोपिकमध्ये ॲमेझॉनने आठ अब्ज घातले, आणि तिच्यात गूगलचाही वाटा आहे. शिवाय हे पैसे बऱ्याच अंशी परत देणाऱ्याच्याच घरी जातात, कारण यंत्रे शिकविण्यासाठी लागणारी अवाढव्य संगणकशक्ती या नव्या कंपन्यांनी त्याच मोठ्या घरांकडून भाड्याने घ्यावयाची असते.

"याला आमच्या दप्तरात तगाई म्हणत," अण्णा म्हणाले. "नव्हे, तगाई सरकारची असे, ही सावकाराची उचल. बी त्याचे, बैल त्याचे, पाणी त्याच्या विहिरीचे. आणि माल काढल्यावर तो त्याच्याच दुकानी घालायचा. अशा कुळाला तू नवा दुकानदार म्हणतेस."

"कुळे पुढे मालक झाली की नाही?"

"झाली. कूळकायदा आला म्हणून झाली."

येथे बोलणे थांबले, कारण बाहेर कुणी हाक मारली आणि अण्णा अंगणात गेले. परत आले ते थेट दुसऱ्याच विषयावर, आणि मला वाटते त्या संध्याकाळच्या बोलण्यातला खरा गाभा तेथून पुढे आहे.

हरिपूरची पेवे ज्यांनी पाहिली नाहीत, त्यांना दोन शब्द सांगितले पाहिजेत. येथल्या भूमीचा गुण असा, की जमिनीत खोल खणलेल्या कोठारात हळद भरून तोंड लिंपून टाकले, तर आत वारा जात नाही, कीड जगत नाही, आणि वर्षानुवर्षे हळकुंड जसेच्या तसे राहते. व्यापारी पेवात हळद ठेवीत, पेववाला पावती देई, आणि पुढे तो माल न उघडता, न पाहता, त्या पावतीवरच हात बदलीत राही. २००५ च्या महापुराने यांतील पुष्कळ पेवे बुडाली. अण्णांच्या परसातही एक होते. आता तेथे तुळशीवृंदावन आहे.

"पेव पेववाल्याचे असे," अण्णा म्हणाले, "पण हळद त्याची नसे. हा भेद पावतीत होता. आता तुझ्या यंत्रांनी जगातले सगळे लिहिलेले, छापलेले, कुणी हौसेने, कुणी पोटासाठी, कुणी नुसते सांगावेसे वाटले म्हणून इंटरनेटवर ठेवलेले, आपल्या पेवात ओढले. पावती कुणाला दिली? आणि पेवात हळकुंड तरी वेगळे राहते. तुमच्याकडे त्याची पूड होते. माझी हळद परत द्या म्हटले, तर ती निवडून काढणार कोण?"

"निवडता येत नाही, हे खरे. पण दृष्टांत चुकतो, मामा. हळद नेली की तुमच्याकडे उरत नाही. लेखन वाचल्याने कमी होत नाही. तुम्ही आयुष्यभर जे वाचलेत, त्याची पूड होऊनच तुमची भाषा झाली. त्याची पावती तुम्ही कुणाला दिलीत?"

हा मुद्दा न्यायालयांपुढेही आला आहे. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २०२३ मध्ये ओपन-एआय आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यावर फिर्याद केली. आपल्याकडे एएनआय ही वृत्तसंस्था नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जून २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी अँथ्रोपिकच्या प्रकरणात असा भेद केला, की रीतसर विकत घेतलेली पुस्तके यंत्राला शिकविण्यासाठी वापरणे हा न्याय्य वापर होय, परंतु चोरट्या ग्रंथसंग्रहांतून लक्षावधी पुस्तके उतरवून घेऊन जपून ठेवणे हा नव्हे. आणि या दुसऱ्या मुद्द्यावर त्या कंपनीने १.५ अब्ज डॉलर देऊन तडजोड करण्याचे कबूल केले. म्हणजे दर पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर पडले. पावती मागाहून मिळाली, आणि तीही दाव्याच्या यादीतल्या पुस्तकांपुरतीच.

"वाचल्याने लेखन कमी होत नाही," अण्णा म्हणाले, "गिऱ्हाईक कमी होते. आजवर तुमच्या शोधयंत्राचा आणि लिहिणाऱ्याचा एक अलिखित कौल होता: मी तुझ्या दुकानातला माल पाहून ठेवतो, आणि विचारणाऱ्याला तुझ्या दुकानाची वाट दाखवितो. आता वाट दाखविणाराच माल वाटतो. वाटसरू वेशीवरच जेवून परत जातो. मग दुकान उघडे ठेवावे कुणी, आणि नवा माल भरावा कुणासाठी?"

याला माधवीने लगेच उत्तर दिले नाही. तिच्याच धंद्याचे पोट त्या वाटसरूवर आहे, हे तिला आमच्यापेक्षा अधिक माहीत होते. मे २०२४ पासून गूगलने अमेरिकेत शोधाच्या उत्तराआधी यंत्राने केलेला सारांश देण्यास सुरुवात केली, आणि रोलिंग स्टोन काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेने सप्टेंबर २०२५ मध्ये त्याविरुद्ध दावा लावला, हे तिनेच आम्हांला सांगितले. चौकटच कुणी उघडीत नसेल, तर तिच्या लिलावाची यंत्रणा कितीही वेगवान असून उपयोग काय? पण तिने जे बोलून दाखविले ते निराळेच होते, आणि त्याने मी अजून अस्वस्थ आहे.

"मामा, काका, तुम्ही दोघेही पेव लिंपून टाकायला निघाला आहात. ते लिंपले तर नुकसान कुणाचे होईल? इंग्रजीचे नाही, तिची हळद इतकी सांडलेली आहे, की कुणी लिंपून ती संपत नाही. मराठीची मुळात थोडी आहे. विश्वकोश इंटरनेटवर आहे, थोडीफार वर्तमानपत्रे आहेत, काही जुनी पुस्तके आहेत. तेवढेही आपण पावतीशिवाय देणार नाही म्हटले, तर यंत्र मराठी शिकणार नाही. आणि ज्या शेतकऱ्याला, ज्या परिचारिकेला, ज्या पोराला त्याला काही विचारायचे असेल, त्याने ते इंग्रजीत विचारावे, नाही तर विचारू नये. तुमच्या कडत्याचा हिशेब तुम्ही जरूर मागा. पण हिशेब पुरा होईपर्यंत माल आवारातच येऊ द्यायचा नाही, असे तुम्ही समितीत कधी केले होते का?"

"नाही," अण्णा म्हणाले. "माल आल्याशिवाय हिशेब कशाचा?"

मला वाटते, येथे अण्णा हरले नाहीत, पण त्यांना आपली जागा बदलावी लागली. आणि माझे स्वतःचे मत विचाराल तर, मी त्यांच्या नव्या जागी त्यांच्याबरोबर उभा आहे. माल यावा; पण आवारात काटा असावा, तो ओट्याच्या धन्याचा नसावा, आणि काय घेतले ते लिहून मिळावे. पुढे काही वेळ बोलणे मोबाइलवरच्या ॲपच्या दुकानांच्या तीस टक्के दस्तुरीवर आणि आपल्या स्पर्धा आयोगाने २०२२ साली गूगलला केलेल्या १,३३७ कोटींच्या दंडावर घुटमळले, पण दिवेलागण झाली होती आणि कुणाचेच मन त्यात नव्हते.

अण्णा उठून आत गेले आणि तांबड्या फडक्यात बांधलेले एक दप्तर घेऊन आले. त्यातून त्यांनी एक पट्टी काढली: त्यांच्या वडिलांना संस्थानी अमलात पेठेतल्या एका अडत्याने दिलेली, कडा झिजलेली, बोरूने लिहिलेली. "कडता कसा लिहीत, ते तरी पाहून ठेव."

माधवीने पट्टी दिव्याखाली धरली, आणि मग, सवयीनेच म्हणावे, मोबाइल काढून तिचे छायाचित्र घेतले व कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला विचारले, की हे काय आहे. क्षणार्धात पडद्यावर शुद्ध मराठीत उत्तर उमटले. आण्यांच्या उभ्या-आडव्या रेघा त्याला समजल्या होत्या. धर्मादाय म्हणजे काय, वाराई म्हणजे काय, ते त्याने ओळीने सांगितले होते. कडत्याच्या ओळीवर ती थांबली आणि मोठ्याने वाचू लागली: कडता हा मालाच्या वजनातून नव्हे, तर शेतकऱ्याच्या गरजेतून कापला जाई.

अण्णांनी हात पुढे करून मोबाइल घेतला, आणि ती ओळ स्वतः वाचली. "हे माझे वाक्य आहे," ते म्हणाले, मग थोडे थांबून, "स्मरणिकेतले."

"असे कुणालाही सुचेल, मामा."

"सुचेल. मलाही ते सुचले नव्हते. आमचा एक तोलाईदार म्हणे तसे, काट्यावर पोते चढविताना. मी त्याचे नाव दिले होते खाली." त्यांनी पडदा बोटाने वर सरकविला, खाली सरकविला. नाव कुठे नव्हते. माधवीने यंत्राला विचारले, की हे तुला कुठून कळले; त्याने अत्यंत विनयाने उत्तर दिले, की नेमका उगम सांगणे आपल्याला शक्य नाही.

अण्णांनी मोबाइल तिला परत दिला. पट्टीची घडी जुन्या वळीवरच घातली, ती दप्तरात ठेवली, फडक्याची गाठ मारली. आणि मग दप्तराच्या वर बांधलेल्या लहान वहीत, ज्यात गेली कित्येक वर्षे ते घरातल्या कागदांची ये-जा लिहितात, चष्मा नाकावर ओढून त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली आणि पुढे लिहिले: पट्टी नग एक, माधवीस पाहण्यास दिली, परत आली.